थकलेल्यांची जागा

उदाजीराव सरकारांची लाल शर्यतीची मोटार त्यांच्या वडिलांनी, थोरल्या सरकारांनी, विलायतेहून आणलेली. पुढच्या चाकांचे सांधे इतके झिजले होते की वळणावर चाकं लटपटायची. आणि सरकारांची लेक तीच मोटार घेऊन उद्या घाट उतरणार होती.

सरकारांनी नुरूमिस्त्रीला बजावलं, "नीट कर. पण गाडी अस्सल राहिली पाहिजे. एकही जुना भाग गाडीबाहेर गेला, तर पुन्हा दारात दिसू नकोस."

नुरू पेचात पडला. ऐकावं तर पोर दरीत जायची, न ऐकावं तर पोटावर पाय.

सकाळी सरकारांनी चाक हलवून पाहिलं, तर ते जरासुद्धा हललं नाही.

"नवे सांधे घातलेस? जुने कुठायत?"

नुरूनं डिकी उघडली. आत गादीवर जुने सांधे नीट पुसून ठेवलेले.

"गाडीतच आहेत, सरकार."

"ही चलाखी झाली. त्यांची जागा चाकापाशी."

नुरू तरी बोललाच. "थोरले सरकार थकले, तेव्हा आपण त्यांना मानानं लोडाशी बसवलंत अन् कारभार स्वतः उचललात. मी या थकलेल्यांचं तेच केलं. ते चूक असेल, तर आज घाटात मोटार थोरल्या सरकारांनाच चालवू द्या."

सरकारांनी डिकी स्वतः हळूच लावली आणि किल्ली लेकीच्या हातात दिली.