मुरलेला रांजण

गोष्ट खूप पूर्वीची. त्या काळी गांडुळं माणसांशी बोलत, आणि विशेष म्हणजे माणसं ऐकूनही घेत.

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक रीत होती. नव्या सुनेला दसऱ्याला बुडाशी भोकं पाडलेला रांजण मिळायचा. स्वयंपाकघरातली सालं, देठं, पालापाचोळा त्यात घालून खत करायचं. माघात गावची माळीणकाकी येऊन रांजण पारखायची. खत जमलं तर सुनेला परसात स्वतःचा वाफा मिळायचा. नाही जमलं तर रांजण वेशीबाहेर ओतायचा, आणि वाफा पुढच्या वर्षी.

त्या वर्षी एका घरात दोन सुना एकाच मांडवातून आल्या. धाकटी फार भित्री. मांजर शिंकलं तरी दचकायची. तिच्या पदराच्या गाठीत माहेरच्या दोडक्याच्या सात बिया होत्या, त्याही दोन वर्षांच्या जुन्या. यंदा रुजल्या नाहीत, तर पुढं रुजतील याची खात्री नव्हती. माहेर तर चौदा दिवसांच्या वाटेवर.

सासूबाई दोघींना म्हणाल्या, "पोरींनो, रांजण नीट मुरवा हं."

धाकटी दिवसातून दहादा झाकण उघडून बघायची. आठव्या दिवशी उघडलं, तर आतून वाफ!

"अगं बाई, आग लागली!" म्हणत तिनं अख्खी घागर ओतली.

झालं. चार दिवसांत रांजणाला असा वास सुटला की गायसुद्धा तोंड फिरवून बसली. मग वाफ विझली, सालं काळी पडली, भरलेला रांजण अर्ध्यावर आला. एका सकाळी आत काहीतरी वळवळताना दिसलं आणि धाकटीच्या हातातलं झाकणच निसटलं.

ती धावत थोरलीकडे गेली. थोरलीचा रांजण काठोकाठ भरलेला. सालं हिरवीगार, वास नाही, किडा नाही.

"जाऊबाई, तुमचं कसं हो इतकं छान?"

"हाताला गुण असावा लागतो," थोरली मान उडवून म्हणाली. "टाकलं तसंच आहे बघ. तुझा रांजण मात्र दारावरनंच कळतो!"

धाकटीनं ठरवलं, काकी येण्याआधीच आपण रांजण रिकामा करावा. निदान चारचौघांत हसं तरी होणार नाही. भर दुपारी, सगळे जेवून आडवे झाल्यावर, तिनं रांजण कलता केला.

"ए बाई! आमचं घर कुठं निघालं?" आतून आवाज आला.

धाकटी तीन पावलं मागं उडाली. काठावर एक गांडूळ डोकं काढून बसलं होतं. की ती शेपटी होती, देव जाणे.

"सगळं कुजलंय," ती रडवेली होऊन म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"दिसतंय की!"

"डोळ्यांनी काय कळतंय? हात घाल."

तिनं डोळे घट्ट मिटले आणि हात घातला. आत मऊ लागलं.

"आता मूठ दाब."

बोटांतून पाण्याची धार लागली.

"तुझ्या घागरीचं पाणी ते! वाफ म्हणजे आग नव्हती गं, काम चाललं होतं. रांजण खचला, म्हणजे सालांची माती होतेय. वास तेवढा खरा बिघाड. वाळका पाला घाल, खालीवर कर. मूठ दाबल्यावर पिळलेल्या फडक्याइतकी ओल लागली की पुरे. आणि एक कर, बाई."

"काय?"

"दहादा झाकण उघडू नकोस. आम्हाला उजेड सोसत नाही."

हे शेवटचं तिला सगळ्यात जड गेलं. हात शिवशिवायचे, पण ती लांबूनच रांजणाला एक प्रदक्षिणा घालून परत यायची.

माघ आला. माळीणकाकी आली. आधी थोरलीचा रांजण उघडला.

"किती महिने झाले?"

"चार, काकी. बघा, काही बिघडू दिलं नाही!"

काकीनं एक साल उचललं, हुंगलं, जिभेला लावलं आणि थू थू केलं. "यात मीठ घातलंस?"

"आणि मूठभर हळद," थोरली चाचरत म्हणाली. "सासूबाई म्हणाल्या होत्या ना, मुरवा... लोणच्याला घालतो तेवढंच घातलं."

अंगण हसून लोटपोट झालं. सासूबाईंनी पदर तोंडात कोंबला.

"अगं, लोणचं टिकायला मुरवतात, खत मात्र सालं कुजून संपायला!" काकी म्हणाली. "हा रांजण वेशीबाहेर ओत. लांब ओत, मिठानं जमीन जाईल."

मग तिनं धाकटीच्या रांजणात हात घातला. मूठभर काळंभोर, भुसभुशीत खत वर आलं. नुकत्याच नांगरलेल्या रानाचा वास अंगणभर पसरला. काकी सरळ परसात गेली आणि काठीनं वाफ्याची रेघ ओढली.

धाकटीनं पदराची गाठ सोडली. सातातल्या पाच बिया रुजल्या, आणि चैत्रात दोडके लोंबायला लागले.

पहिला दोडका तिनं थोरलीच्या हातात ठेवला. सोबत ओंजळभर खतही दिलं.

"जाऊबाई, नव्या रांजणात हे विरजण म्हणून घाला. आणि मीठ भाजीत."

तात्पर्य : बदललेलं सगळंच बिघडलेलं नसतं आणि जसंच्या तसं राहिलेलं सगळंच चांगलं नसतं; भिऊन टाकून देण्याआधी हात घालून पारखावं.