गरुडाचं पूर्ण नाव

संस्थेच्या मेल सर्व्हरला ‘गरुड’ हे नाव खुद्द संचालकांनी दिलं होतं. बाहेरचे सर्व्हर ओळख विचारत, तो नुसतं ‘गरुड’ सांगे आणि मेल परत येत. नावाला संस्थेचं डोमेन, म्हणजे तिचं इंटरनेटवरचं नाव, जोडायला हवं, असं सर्व्हर सांभाळणाऱ्या हेमांगीबाईंनी सांगितलं.

“मी ठेवलेलं नाव पुरेसं आहे! सोमवारपर्यंत मेल गेले नाहीत, तर तुमची बदली.”

“सर, मंत्रालयात फोन लावून नुसतं ‘भालचंद्र बोलतोय’ म्हणून बघा.”

संचालकांनी ऐटीत फोन लावला.

“कोण भालचंद्र? कुठले?” म्हणत पलीकडच्याने फोन आपटला.

“गरुडालाही रोज हेच विचारतात, सर.”

संचालक खो-खो हसले. डोमेन जोडलं गेलं.

निवृत्तीनंतरही दर पाडव्याला हेमांगीबाईंना त्यांचा फोन येई, “भालचंद्र केळुसकर बोलतोय, संगणक संस्थेचा!”

ते श्रावणात गेले. तरी यंदाच्या पाडव्याला हेमांगीबाई फोनजवळच बसून होत्या.