मेलेल्या बैलाला दिलेले आवतण

श्रावण सरता सरता निवांत महाराज खडकतळ्यास आले आणि मारुतीच्या देवळात राहिले. कोणी भाकरी दिली तर खात. न दिली तर न देणाऱ्याला आशीर्वाद देऊन झोपत.

त्या गावची पाटीलकी खरी म्हाळूची. पण बाप वारला तेव्हा तो रांगत होता. चुलते धारराव पाटीलकी सांभाळू लागले, ती सांभाळतच राहिले. गावची रीत अशी, की पोळ्याला वेशीच्या तोरणाखालून ज्याचा बैल पहिला जाईल, तो पाटील. म्हाळू यंदा कुठे जाणता झाला होता आणि त्याच्याजवळ एकच बैल होता, सोन्या. धाररावांनी चराईच्या रानाला कुंपण घातले, गरिबांची गुरे वाळली आणि पोळ्याच्या तोंडावर सोन्याने मान टाकली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला, सारा गाव बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळत होता, तेव्हा म्हाळू महाराजांपुढे येऊन बसला. आता हक्क सोडून द्यावा काय, असे त्याने विचारले. पाटील होऊन करणार काय, असे महाराजांनी विचारले.

"रान मोकळं करीन. दुसरं काही येत नाही मला."

"मग सोडू नकोस. सोन्याला आवतण दिलंस?"

"महाराज, तो मेलाय."

"ते त्याचं झालं. आवतण द्यायचं काम तुझं."

सोन्याला पुरले होते तिथे म्हाळू रडतच गेला. मातीला तूप-हळद चोळून दरसालप्रमाणे म्हणाला, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

धारराव बैल धुऊन ओढ्यावरून परतत होते. "पाहुण्यांना उठायला हात लागेल," ते म्हणाले. "माणसं पाठवू का?"

दुसऱ्या दिवशी तोरणापुढे धाररावांची जोडी थबकली. चाबूक झाला, गूळ झाला, विनवणीही झाली. शेवटी वडीलधाऱ्याला वाट द्यावी तसे दोन्ही बैल बाजूला सरले. मागून सोन्या आला! शिंगांना ना हिंगूळ ना बेगड. पाठीला माती, खांद्याला हळद. तो तोरणाखालून गेला, म्हाळूच्या हातची पुरणपोळी सावकाश खाल्ली, हात चाटला आणि ओढ्याकडे चालू लागला.

म्हाळूने त्याच्या गळ्याला मिठी घातली. महाराजांनी ती अलगद सोडवली. डोळे त्यांचेही भरले होते.

"आवतण जेवणाचं होतं, बाळा. राहायचं नव्हतं."

सोन्या दिसेनासा झाला. धारराव पागोटे काढून महाराजांच्या पायांशी वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले आणि ओल्या मातीत उमटलेल्या सोन्याच्या खुरांच्या ठशांकडे बोट दाखवले. धाररावांनी तिथे कपाळ टेकले, मग जाऊन स्वतःच्या हातांनी कुंपण उपटले.

संध्याकाळी गावची गुरे रानात शिरली. नवे पाटील बांधावर बसून रडत होते आणि धारराव त्यांच्यापुढे हात जोडून उभे होते.