कडेची जागा

"वर्ष होत आलं, भन्ते, आणि माझ्या डोळ्यांतून एक थेंब आलेला नाही. याला मनाची समता नाही तर काय म्हणायचं?"

भन्ते सुमेध धक्क्यावर होडीची वाट पाहत होते.

बँकॉकच्या कालव्यातून लांबोळक्या होड्या धावतात, आपल्याकडच्या सिटी बससारख्या. धक्क्याला क्षणभर टेकतात, माणसं घाईघाईने चढतात, की सुटल्या.

भन्ते मूळचे उमरेडचे, कित्येक वर्षांपासून इथल्या विहारात राहणारे. मेश्राम सर भंडाऱ्याचे, कॉलेजात गणित शिकवायचे. पत्नी कुंदा गेली, तेव्हापासून ध्यानाला बसत होते. आता भिक्खू होण्यासाठी चीवर मागायला आले होते. घरी मुलगी एकटी होती.

"पोरगी काय म्हणते?" होडीत चढताना भन्त्यांनी विचारलं.

"म्हणते, बाबा, आईचं नाव तरी घ्या... तिला अजून समज नाही."

"हं."

भन्ते आत सरकले. कडेची जागा सरांना मिळाली.

बाजूला प्लास्टिकचा पडदा सैल पडला होता. त्याची दोरी सरांच्या डोक्याजवळ लोंबत होती.

"ही कशाला?"

"समोरून होडी आली की पाणी उडतं. कडेला बसेल त्याने दोरी ओढायची. पडदा वर येतो, बाकीचे कोरडे राहतात."

"आणि नाही ओढली तर?"

"तर मेश्राम, घरी जाऊन अंघोळ. ही काही वैनगंगा नाही."

तेवढ्यात समोरून होडी आलीच. सरांनी दोरी ओढली. पडद्यावर पाणी आदळलं, आत थेंबही आला नाही.

सर खूश झाले. दोरी त्यांनी मनगटाला गुंडाळून घेतली.

"मीही हेच केलं, भन्ते. मनाला काही लागूच दिलं नाही..."

धक्के येत होते, जात होते. मळकट प्लास्टिकमधून नुसता उजेड दिसत होता. आत घाम फुटला.

मागच्या बाकावर फुलांची टोपली घेऊन एक म्हातारी बसली होती. तिने सरांच्या खांद्यावर बोट टोचलं आणि काहीतरी बोलली.

"काय म्हणतात आजी?"

"म्हणतात, हा पाहुणा आम्हाला उकडून खाणार आहे का?"

"पण पाणी..."

"ती होडी केव्हाच गेली, मेश्राम."

सरांनी दोरी सोडली.

वारा आत आला. कालव्याच्या काठाने घरांच्या मागच्या बाजू होत्या. वाळत घातलेली शाळेची पांढरी शर्टं. दारात बसून दाढी करणारा एक माणूस. पुढच्या घराच्या पायरीवर एक बाई तेलाच्या डब्यांत लावलेल्या मिरच्यांना मगाने पाणी घालत होती.

सर त्या डब्यांकडे मान वळवून बघत राहिले.

"कुंदाही... तेलाच्या डब्यातच लावायची."

भन्ते त्यांच्याकडे वळले.

"तिखट होत्या?"

"फार. मी म्हणायचो, अगं, एक पुरे, आणि ती मुद्दाम..."

समोरून होडी आली. सरांचा हात दोरीकडे गेला, पण उशीर झाला होता. काळं पाणी सपकन तोंडावर आलं. भन्त्यांचं चीवर भिजलं, टोपली भिजली. म्हातारी ओरडली, मग स्वतःच हसायला लागली. टोपलीतला एक कागद काढून तिने सरांना दिला.

सरांनी तोंड पुसलं. परत पुसलं. कागदाचा लगदा झाला, तरी ते पुसतच होते.

भन्ते समोर बघत राहिले.

धक्का आला. दोघं उतरले. होडी पुढे गेली.

सरांच्या मनगटावर दोरीचा लाल वळ उठला होता. त्यावरून ते अंगठा फिरवत होते.

"भन्ते... चीवराचं काय?"

भन्त्यांनी ओल्या चीवराचं टोक पिळलं. पाणी कालव्यात पडलं.

"चीवराला घाई नाही. परतीच्या होडीतही कडेलाच बसा."