तबिथा थोरला भाऊ होते

“शेत माझं! भाऊ गेला, त्याला पोरंबाळं नाहीत, वारस मीच!” ओबडायानं बाकावर बसल्या बसल्या जाहीर केलं.

अमेरिकेत इंग्रजांच्या वसाहती होत्या, तेव्हाची ही गोष्ट. ओबडायाचा थोरला भाऊ सायलस नुकताच वारला होता. सायलसची बायको तबिथा न्यायाधीशांसमोर उभी होती. जंगल तोडून ते मक्याचं शेत नवरा-बायकोनं मिळून केलं होतं. ओबडाया त्या वेळी पाहायला यायचा, जेवणाच्या सुमारास.

न्यायाधीश पेंब्रुक भारी हट्टी. एकदा दिलेला निकाल त्यांनी जन्मात फिरवला नव्हता.

“बाई, कायद्यानं तुला तिसरा हिस्सा. तोही जिवंत आहेस तोवर वापरायला. बाकीचं दिराचं.”

“आणि मला सगळं हवं असेल तर?”

“तर शेताच्या मालकाला जिवंत आणून माझ्यासमोर उभं कर!”

सगळे खो खो हसले. तबिथा हसली नाही.

“केलंय की उभं, साहेब.”

“कुठंय?”

“ही काय मी.”

“तू? मालक तर सायलस होता!”

“लग्नानंतर मी माहेरची बाग विकायला काढली, तेव्हा तुम्हीच म्हणालात, ‘बाईची सही चालणार नाही. लग्न झालं की नवरा-बायको कायद्यानं एकच माणूस.’ म्हणालात ना?”

“म्हणालो. आजही तेच म्हणतो!”

“मग तो एक माणूस मेला की जिवंत आहे? मेला असेल, तर मलाही पुरा. जिवंत असेल, तर वारस कशाला शोधताय?”

न्यायाधीशांनी विग खाजवला. ओबडाया मात्र उसळला.

“वहिनी, पुरे हा चावटपणा! तो एक माणूस म्हणजे नवरा. बायको नवऱ्यात विरघळते, एवढं शेंबड्या पोरालाही कळतं!”

“खरंच, भावोजी?”

“अगदी खरं!”

तबिथानं कमरेवर हात ठेवले.

“मग वहिनी कुणाला म्हणतोस रे? मी तर सायलस झालो. तुझा थोरला भाऊ! थोरला उभा आणि तू खुशाल बसलायस? ऊठ!”

ओबडाया सवयीनं ताडकन उठला.

“ओळखलं!” न्यायाधीश ओरडले. “सख्ख्या भावानं ओळख पटवली!” आणि ते असे हसू लागले की विग घसरून नाकावर आला.

त्यांनी तो सरळ केला आणि निकाल दिला. मालक जिवंत आहे. सगळं शेत तबिथाचं, तिच्याच नावावर. आणि थोरल्या भावाला विनाकारण कोर्टात उभं केल्याबद्दल यंदाची नांगरणी धाकट्यानं करून द्यावी!