गजराईने उचललेली शीव

फार फार वर्षांपूर्वी कोळदऱ्यात एक रीत होती. पोटुशी बाईने गावाची शीव ओलांडायची नाही. ओलांडली तर शिवेवरचं वारं कुशीला बाधतं, असं म्हणत. शीव होती ओढ्यावर आणि सरकारी दवाखाना झाला ओढ्यापलीकडे. मग काय, दवाखान्याची कौलं अंगणातून दिसायची आणि बाया घरातच अडून मरायच्या.

गजरा गुरवीण शिवेच्या दगडाला रोज तेल लावायची. तिची थोरली सून हौसा अडली, तेव्हा रीत सांभाळायची म्हणून गजरेनेच तिला घरात ठेवलं होतं. हौसा गेली, बाळही गेलं. तेव्हापासून तेल लावताना गजरेला दगडाकडे बघवत नसे.

पुढे धाकटी सून कौतिक अडली. सुईणीने हात टेकले. गजरेने तिला बाजेवर घालून ओढ्यापर्यंत आणवलं. तिथे माणसं थबकली.

"गजरे, म्होरं कसं न्यायचं? शीव हाय," म्हातारे म्हणाले.

"शीव वलांडायची न्हाई, कबूल." गजरेने पदर खोचला आणि ती दगडापुढे बसली. "देवा, इतकी वर्सं तुला तेल घातलं, मागितलं काई न्हाई. आता ऊठ, माझ्या सुनंम्होरं चाल."

बैलजोडीला न हलणारा तो दगड लेकरासारखा तिच्या कडेवर आला, असं म्हणतात. पाण्यानेही वाट दिली, असं म्हणतात. पुढे गजरा, मागे बाज. दवाखान्याला वळसा घालून तिने मागच्या चिंचेखाली दगड ठेवला, तेव्हा कुठे ती बसली.

"आता दवाखाना आपल्या गावात हाय. न्या तिला आत."

म्हाताऱ्यांनीच बाजेला हात लावला. शेजारच्या गावाने हद्दीवरून भांडण काढलं नाही, हे तर त्याहून मोठं नवल! कौतिकला मुलगी झाली, मायलेकी सुखरूप. गजरा मात्र दगडाला टेकून हौसाच्या नावाने खूप रडली.

सरकारी नकाशात शीव अजून ओढ्यावरच आहे. दगड चिंचेखाली आहे आणि तो मागे न्यायचं कुणाच्या मनातही येत नाही. सुनेला दिवस गेले की सासू स्वतः तिला दवाखान्यात नेते. कळा सुरू झाल्या की गाडी निघण्याआधी तीच हाक देते, "गजराई, शीव म्होरं घे!" आणि बाळ घरी न्यायच्या दिवशी त्याला दगडाच्या पायावर घालतात, त्याच्या कानात एक नाव सांगतात. ते नाव गजराईचं नसतं, हौसाचं असतं.