लिंबाजी ठसेकराचे पागोटे

एका संस्थानाच्या गावात लिंबाजी नावाचा ठसेकर राहत होता. मान ताठ, बोलणे तुटक. उगाच कोणाला नमस्कार करायचा नाही आणि उगाच कोणाचा नमस्कार घ्यायचाही नाही, असा त्याचा स्वभाव. लोक त्याला गर्विष्ठ म्हणत. ते खरेच होते. पण त्याचे काम पाहिले की म्हणणारेही गप्प बसत.

त्याचे काम भेटपत्रे करण्याचे. दर संक्रांतीला राजा आपल्या मुलखातल्या पाटलांना आणि शेजारच्या सरदारांना तिळगूळ पाठवी. तिळगुळाबरोबर एक भेटपत्र जाई. जाड हातकागदाची घडी, वर उगवता सूर्य आणि त्याच्या पायाशी तिळाचे फुललेले रोप. आत गोड बोलण्याच्या दोन ओळी. सगळे हाताने केलेले. लिंबाजीच्या बापाने हे काम केले, त्याच्या आज्याने केले. राजवाड्याचे भेटपत्र म्हणजे लिंबाजीचे घर, असे समीकरणच होते.

काम दिसायला सोपे. आधी स्पंज शाईत बुडवायचा, पिळायचा आणि कागदावर हलके टिपत जायचे. खाली गडद, वर फिकट. नीट जमले तर कागदावर पहाटेचे आभाळ उतरते. ते वाळले की शिसवी लाकडाच्या ठशाला स्पंजानेच शाई लावायची आणि ठसा कागदावर टेकवायचा. दाबायचा नाही, टेकवायचा. शाई जास्त झाली तर सूर्य पसरतो. कमी झाली तर ठसा उपाशी राहतो.

त्या घरात एक शिरस्ता होता. स्पंज बायकांनी धरायचा, ठसा पुरुषांनी. स्पंजाचे काम म्हणजे सारवण, असे पुरुष म्हणत. ठसा म्हणजे कसब. लिंबाजीचा मुलगा कागद आणायला परगावी फिरे. त्यामुळे घरात शाई लावायला सून आणि ठसा टेकवायला सासरा, अशी जोडी बसे. सुनेचे नाव येसू. ती ठशाला शाई लावून देई, लिंबाजी ठसा टेकवी, येसू पत्र उचलून माजघरात दोरीवर वाळत घाली. लिंबाजी छापलेले पत्र पुन्हा पाहत नसे. छापल्यावर जो पाहतो तो शिकाऊ, असे त्याचे म्हणणे होते.

लिंबाजीच्या ठशाची एक खूण होती. तो ठसा उचलताना एका बाजूने उचली. त्यामुळे सूर्याच्या डाव्या कडेला केसाएवढी एक रेघ राही. लोकांना ती नक्षी वाटे. ती चूक आहे, हे लिंबाजीला ठाऊक होते. शिकाऊ असताना ती काढायचा त्याने पुष्कळ प्रयत्न केला होता. गेली नाही. तेव्हा त्याने ती आपली म्हणून ठेवून घेतली.

एका वर्षी थंडी कडक पडली. शाई घट्ट होऊ लागली, म्हणून येसू शाईचे भांडे चुलीच्या उबेला ठेवी. शाई सैल झाली, पण लिंबाजीचा हात सैल होईना. ठसा कागदाला लागताना थरथरे. एका सूर्याचे दोन सूर्य दिसत. लिंबाजीला ते कळले नाही. म्हातारपणी जवळचे अंधूक दिसते, आणि लांबून पाहायची त्याला सवय नव्हती.

येसूला मात्र कळले. पण सासऱ्याला हे सांगणार कोण?

हात थरथरतो ही बातमी गावात फुटली. गावात सटवाजी नावाचा दुसरा ठसेकर होता. राजवाड्याच्या कामावर त्याचा डोळा होता. पारावर सगळ्यांच्या देखत तो म्हणाला, "लिंबाजीदादा, हात थंडीत नाचतो म्हणे. एखादं तुणतुणं घ्या. नाच वाया तरी जाणार नाही."

लोक हसले. लिंबाजी हसला नाही.

"माझ्या घरातून माझ्या हाताशिवाय एक पत्र बाहेर पडत नाही," तो म्हणाला. "पत्रं बघ, मग बोल."

सटवाजी तेवढ्यावर थांबला नाही. त्याने राजाकडे अर्ज केला की लिंबाजी थकला आहे, काम आपल्याला मिळावे. राजाने सांगितले, यंदाची पत्रे येऊ देत. ती बिघडलेली निघाली तर काम सटवाजीचे. चांगली निघाली तर लिंबाजीला भर दरबारात मानाचे पागोटे.

हे येसूच्या कानावर आले. माजघरात दोरीवर दोन-दोन सूर्य वाळत होते. ही पत्रे राजवाड्यात गेली असती तर पिढ्यांचे काम एका सणात गेले असते. आणि म्हाताऱ्याने त्या दिवसापासून अन्न सोडले असते. येसू सासऱ्याला ओळखून होती.

लिंबाजी रोज सकाळी नदीवर आंघोळीला जाई. तेवढ्या वेळात येसू ठसा हातात घेई. नवखी नव्हती ती. लग्न होऊन आल्यापासून ती तो ठसा पाहत आली होती. सासरा नदीवर गेला की रद्दी कागदावर टेकवूनही पाहत आली होती. एका हाताने शाई लावायची, दुसऱ्या हाताने टेकवायचे. बिघडलेली पत्रे ती पाणी तापवायच्या चुलीत घाली आणि आपली दोरीवर लावी. लिंबाजी त्याच पाण्याने संध्याकाळी पाय धूत असे. त्याला काही कळले नाही.

संक्रांतीच्या आधी पत्रांचे गठ्ठे राजवाड्यात पोचले.

दरबार वाड्याच्या चौकात भरला. ऊन चांगले होते. एका बाजूला गावची मंडळी, त्यात सटवाजी. दुसऱ्या बाजूला पाटील आणि मानकरी. लिंबाजी धुतलेला अंगरखा घालून ताठ उभा होता. बोडक्या डोक्याने आला होता. पागोटे तिथेच मिळणार, याची त्याला खात्री होती.

राजा पत्रांवर खूश होता. त्याने एक पत्र हातात धरून सगळ्यांना दाखवले. इतके सुबक काम आपण आजवर पाहिले नाही, असे तो म्हणाला. मग त्याने सूर्याच्या कडेवर बोट ठेवले.

"लिंबाजी, दर वर्षी इथं एक बारीक रेघ असते. यंदा तीही नाही. म्हातारपणी हात आणखी सुधारला तुझा."

लिंबाजीने पत्राकडे पाहिले. पत्र त्याच्यापासून हातभर अंतरावर होते. ऊन त्यावर पडले होते. म्हाताऱ्याच्या डोळ्यांना ते लख्ख दिसले.

सूर्याची कड स्वच्छ होती. ठसा सरळ टेकवलेला होता, सरळ उचललेला होता. जन्मभर जे त्याला जमले नाही ते त्या कागदावर होते.

त्याला एका क्षणात सगळे समजले. त्या घरात ठशाला हात लावणारे दुसरे कोण होते?

कारभारी पागोटे घेऊन पुढे आला. भरजरी काठाचे, नवे कोरे. लिंबाजीने नुसती मान वाकवायची होती. कोणाला काही कळले नसते. येसू बोलली नसती. सटवाजीचे तोंड कायमचे बंद झाले असते. घराचे काम घरात राहिले असते.

आणि खरे सांगितले तर? हात गेला हे भर चौकात कबूल करायचे. पारावरचे आपले बोलणे खोटे ठरवून घ्यायचे. सुनेने घरातला शिरस्ता मोडला हे जगाला सांगायचे. वर काम सटवाजीच्या घशात.

कारभाऱ्याने पागोटे उचलले. लिंबाजीने हात आडवा केला.

"ठेवा ते खाली," तो म्हणाला. "हा हात माझा नाही."

राजाला वाटले, म्हातारा भांबावला. त्याने पुन्हा विचारले.

लिंबाजी म्हणाला, "महाराज, माझा हात थरथरतो. सटवाजी बोलला ते खरं. ही पत्रं माझ्या सुनेनं केली आहेत. येसूनं. मला न सांगता केली, त्याचं काय ते मी घरी बघेन. पण दुसऱ्याच्या कामाचं पागोटं मी डोक्यावर घेत नाही. आजवर घेतलं नाही, आता कशाला घेऊ?"

सटवाजी लगेच पुढे सरला. त्याने हात जोडून सांगितले की लिंबाजीने स्वतःच कबुली दिली आहे, तेव्हा काम आता आपले झाले. बाईच्या हाताने राजवाड्याचे काम कधी होत नसते. शिवाय ही सुनेची गोष्टही खरी कशावरून? काम घरात राखायची म्हाताऱ्याची युक्ती असेल.

राजाने दोघांचे ऐकले. मग त्याने माणूस पाठवून येसूला बोलावले. ठसा, शाई, स्पंज आणि कोरे कागद घेऊन ये, असा निरोप दिला.

येसू आली. डोक्यावर पदर, बोटे शाईने निळी. सासऱ्याचा चेहरा पाहून तिला सगळे उमगले. ती खाली बसली. ठसा पुढ्यात ठेवला. पण स्पंज हातात घेताना ती अडखळली. घरी एकटीने दोन्ही हातांनी करणे वेगळे आणि भर दरबारात करणे वेगळे. तिने हळू आवाजात विचारले की शाई लावून द्यायला कोणी मिळेल का.

कोणी पुढे आले नाही. पुरुषांनी एकमेकांकडे पाहिले. स्पंज कोण धरणार?

लिंबाजी पुढे झाला. अंगरख्याच्या बाह्या वर सारल्या आणि सुनेसमोर मांडी घातली. स्पंज शाईत बुडवला.

मागून सटवाजी म्हणाला, "बघा, लिंबाजीदादा सारवायला बसले."

"बसलोय," लिंबाजी म्हणाला. "तू उभा राहून बघ."

त्याने ठशाला शाई लावली. हात थरथरत होता, पण शाई लावायला थरथर आड येत नाही. ठसा त्याने सुनेच्या हातात दिला. येसूने तो कागदावर नेला. ठसा टेकवला. सरळ उचलला.

राजाने तो कागद आधीच्या पत्राशेजारी धरला. मग मानकऱ्यांकडे दिला. मानकऱ्यांनी पाटलांकडे दिला. तो सटवाजीपर्यंत आला. सटवाजीने तो उलटा केला, सुलटा केला, उन्हात धरला. तोही ठसेकर होता. त्याला खोटे बोलता आले नाही. त्याने कागद पुढे दिला आणि मागच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

राजा म्हणाला, काम लिंबाजीच्या घरचे, ते लिंबाजीच्या घरीच राहील. येसू ते करील. तिच्यासाठी वाड्यातून उंची लुगडे आणायला त्याने सांगितले.

लिंबाजी उठून उभा राहिला.

"लुगडं नको, महाराज. काम तेच आहे. मान दुसरा कशाला?"

कारभारी दचकला. राजाशी असे बोलणारा माणूस त्याने पाहिला नव्हता. पण राजा जाणता होता. त्याने पागोटे मागवले आणि येसूच्या पुढे धरले. येसूने पदर सावरला, दोन्ही हात पुढे केले आणि पागोटे ओंजळीत घेतले. चौकातली मंडळी उठून उभी राहिली. त्या संस्थानात बाईच्या हाती मानाचे पागोटे पहिल्यांदाच आले होते.

घरी जाताना लिंबाजी पुढे चालत होता, येसू मागून. त्याचे डोके बोडके होते आणि मान नेहमीपेक्षा ताठ होती. वाडा मागे पडला. तेव्हा येसूने विचारले, "रागावलात का, मामंजी?"

"रागावलोय. चोरून केलंस म्हणून."

"सांगितलं असतं तर करू दिलं असतं?"

लिंबाजीने पावले झपझप टाकली. थोडे पुढे गेल्यावर तो म्हणाला, "दरबारात केलंस त्या पत्रात तिळाच्या रोपाची खालची पानं उपाशी राहिली. मी पाहिली. राजाला कळलं नाही. मला कळलं."

येसू म्हणाली, "मामंजी, शाई कोणी लावली होती?"

लिंबाजी रस्त्यात उभा राहिला. त्याने आपल्या निळ्या झालेल्या बोटांकडे पाहिले. हात लांब करून, नीट पाहिले.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "सारवण नाही ते. उद्या सकाळी बसू. मला शिकव."

तात्पर्य: ज्याला आपल्या कामाचा खरा अभिमान असतो, तो दुसऱ्याच्या कामाचा मान आपल्या डोक्यावर चढवून घेत नाही. चढवून घेतो त्याच्याकडे अभिमान नसतो, नुसती हाव असते.